मुलीने कॉम्प्युटर परिषदेला जावं का? उदगीरच्या पालकांना उत्तर

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बंगळुरूला महिलांची कॉम्प्युटर परिषद असते, तिच्या 'डायव्हर्सिटी स्कॉलरशिप'चा अर्ज भर, असं तिच्या मॅडम म्हणतात. ही दया म्हणून दिलेली जागा असते का? दोन-तीन दिवसांत करिअरला काय मिळणार? दुसऱ्या एका 'आंतरराष्ट्रीय परिषदे'ची मेल आली आहे. पाच हजार भरले की पेपर (शोधनिबंध) छापून प्रमाणपत्र देतात. ते जास्त उपयोगाचं नाही का? आमचं किराणा दुकान आहे. खर्चासाठी पतसंस्थेचं कर्ज काढावं का?
(एक पालक, उदगीर)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पाच हजारांचं आधी सांगतो, कारण त्या मेलमध्ये बहुधा 'शेवटची तारीख' जवळची टाकलेली असेल. पैसे भरू नका. चांगल्या परिषदेत पेपर निवडायला दोन-तीन महिने जातात, दोन-तीन तज्ज्ञ तो वाचतात, शेरे लिहितात आणि बरेच पेपर परत पाठवतात. चार दिवसांत 'स्वीकारला' असं कळवणाऱ्या आणि इंजिनीअरिंग, मॅनेजमेंट, शेती, साहित्य असे सगळे विषय एकाच हॉटेलच्या हॉलमध्ये उरकणाऱ्या परिषदा प्रमाणपत्रं विकतात. पुढे एमटेक किंवा पीएचडीच्या मुलाखतीत असा पेपर उलट अडचणीचा ठरतो, कारण समोरचे प्राध्यापक नाव वाचूनच ओळखतात. तपासायची सोपी रीत आहे. 'डीबीएलपी' या कॉम्प्युटर विषयातल्या पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीत परिषदेचं नाव शोधायचं. मग निवड समितीतली चार नावं घ्यायची आणि ती माणसं खरंच त्या संस्थांत आहेत का आणि स्वतःच्या पानावर या परिषदेचा उल्लेख करतात का, हे पाहायचं. मुलगी अर्ध्या तासात हे करील.

आता मॅडम म्हणतात ती परिषद. वर्णनावरून ती अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या नावाची 'ग्रेस हॉपर सेलिब्रेशन इंडिया' असावी. ती २०१० पासून भरते. मूळ परिषद अमेरिकेतली, आणि ती का निघाली हे कळलं की दयेच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. १९८७ मध्ये ऑस्टिनला ऑपरेटिंग सिस्टिमवरची एक मोठी परिषद होती. संशोधक अनिता बोर्ग यांच्या लक्षात आलं की इतक्या माणसांत बायका अगदी मोजक्या आहेत. बोर्ग यांनी त्या बायकांना गाठलं आणि त्यातून 'सिस्टर्स' नावाचा ईमेल गट सुरू झाला. १९९४ मध्ये बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी वॉशिंग्टनला पहिली ग्रेस हॉपर परिषद घेतली. पाचेकशे जणी आल्या.

परिषदेतलं निम्मं काम व्यासपीठाबाहेर, चहाच्या टेबलाशी होतं. कुठल्या प्राध्यापकाला उन्हाळ्यात इंटर्न हवेत, कुठला ग्रुप नवा विषय हाती घेतोय, कुठल्या कंपनीत फ्रेशरना खरं काम देतात, हे तिथेच कळतं. ज्याच्या ओळखीचं कुणीच नाही तो भाषणं ऐकून घरी येतो. मोठ्या शहरातल्या, इंग्रजी माध्यमाच्या, घरात आधीच इंजिनीअर असलेल्या मुलाला ही माहिती आपसूक मिळते; तुमच्या मुलीला मिळत नाही. ही दरी बुजवण्यासाठी प्रवासखर्च, मार्गदर्शक आणि नवख्यांसाठी वेगळी सत्रं ठेवतात. पेपर निवडताना मात्र कुणालाही सूट नसते. अनेक नामांकित परिषदांत लेखकाचं नाव झाकूनच पेपर तपासला जातो. शिष्यवृत्ती दारापर्यंतचं भाडं देते, आतलं काम मुलीलाच करायचं आहे. यात कमीपणा कसला?

हा विचार फक्त मुलींपुरता नाही. अमेरिकेत २००१ पासून गणितज्ञ रिचर्ड टापिया यांच्या नावाने परिषद भरते. तिथे वांशिक अल्पसंख्याक आणि अपंग विद्यार्थीही येतात. २०१७ मध्ये एआयमधल्या कृष्णवर्णीय संशोधकांचा 'ब्लॅक इन एआय' हा गट सुरू झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या एआय परिषदेला निघालेल्या अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाचा व्हिसाच मिळाला नाही. त्याच सुमारास आयसीएलआर ही एआयमधली दुसरी मोठी परिषद आफ्रिकेत न्यायचं ठरलं. २०२० ची इथिओपियातल्या अदिस अबाबाची कोविडमुळे ऑनलाइन झाली, २०२३ मध्ये मात्र ती रवांडातल्या किगालीत प्रत्यक्ष भरली. आपल्यासाठी यातला धडा व्यवहाराचा आहे : पहिली परिषद देशातलीच धरा, पण पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा. साध्या अर्जाची फी १,५०० रुपये आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते आधी बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठे मध्ये असतं, कुठे नसतं, आणि नेमकी तिथेच फाइल अडकते.

अर्जात बहुतेक जणी एकाच ठिकाणी घसरतात. 'मला तंत्रज्ञानाची लहानपणापासून आवड आहे' हे वाक्य वाचणाऱ्याने त्याच दिवशी शंभरदा वाचलेलं असतं. एआयकडून लिहून घेतलेला अर्ज तर पुष्कळदा ओळखू येतो. त्याऐवजी केलेलं काम लिहावं. समजा, तिने मिनी प्रोजेक्टमध्ये बाजार समित्यांचे भाव गोळा केले असतील, तर असं लिहिता येईल : 'एकाच मालाचं नाव एका ठिकाणी सोयाबीन, दुसरीकडे सोयाबिन असं होतं, म्हणून प्रोग्रॅम दोन वेगळे माल मोजत होता. मी नावं जुळवण्याची पद्धत लिहिली, पण हळदीच्या वाणांवर ती अजून चुकते. परिषदेत भारतीय भाषांच्या डेटावरचं सत्र आहे, तिथे मला हेच विचारायचं आहे.' तीन वाक्यांत अडचण, उपाय, त्याची मर्यादा आणि येण्याचं कारण, सगळं आलं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. घरातली पहिली इंजिनीअर आहे, शिक्षण मराठीत झालं, कॉलेजात संशोधनाची लॅब नाही, हे एका-दोन वाक्यांत स्पष्ट लिहावं, पण गरिबीची कहाणी रंगवू नये. शिफारसपत्र मागितलं असेल तर मॅडमना दोन आठवडे आधी सांगावं आणि प्रोजेक्टचे मुद्दे लिहून द्यावेत. नाहीतर 'ती मेहनती व शिस्तप्रिय आहे' एवढंच येतं.

यंदा निवड झाली नाही तरी वाटा आहेत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवरच्या 'पायकॉन इंडिया' परिषदेत आर्थिक मदतीचा अर्ज असतो. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेची भारतातली शाखा, एसीएम इंडिया, उन्हाळी आणि हिवाळी शाळा घेते. पुढे संशोधनाकडे वळली तर एसीएमच्या महिला विभागाची शिष्यवृत्ती आहे : आपल्याच खंडातल्या संशोधन परिषदेला ६०० डॉलरपर्यंत, दुसऱ्या खंडातल्या परिषदेला १,२०० डॉलरपर्यंत. त्यासाठी स्वतःचा पेपर असावा लागत नाही, हे पुष्कळ मुलींना माहीतच नसतं.

जायच्या आधी कॉलेजची लेखी परवानगी घ्या. एचओडींची (विभागप्रमुखांची) सही असलेलं पत्र नसेल तर अटेंडन्स आणि टर्मवर्क दोन्हींत त्रास होतो. युनिट टेस्टची तारीख आडवी येत असेल तर तेही त्याच अर्जात लिहा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि निवडीचा निकाल बऱ्याचदा त्यानंतर लागतो. म्हणून तिकीट आधीच काढून ठेवावं. निवड नाही झाली तर रद्द करताना थोडे पैसे कापले जातात, पण ऐनवेळच्या विमानापेक्षा ते परवडतं. राहण्याची काळजी रास्त आहे. आयोजकांनी सुचवलेल्या हॉटेलातच, स्कॉलरशिप मिळालेल्या दुसऱ्या एखाद्या मुलीबरोबर खोली घ्यावी. परिषदेच्या आचारसंहितेत तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल दिलेला असतो, तो तिच्याबरोबर तुमच्याही फोनमध्ये ठेवा.

तिथे गेल्यावर प्रत्येक ओळखीत पहिला प्रश्न एकच येतो : 'तू कशावर काम करतेस?' याचं एका मिनिटाचं इंग्रजी उत्तर तिने मोठ्याने बोलून बसवावं. पाठ केलेलं निबंधासारखं वाटतं, म्हणून रोज वेगळ्या मैत्रिणीला सांगावं. सगळी सत्रं ऐकायचा हट्ट नको. दिवसाला तीन पुरे, मधला वेळ माणसांसाठी. वक्त्याला गाठायचं तर भाषण संपताच होणाऱ्या गर्दीत शिरू नये, दुपारच्या जेवणात गाठावं आणि त्याच्या भाषणातलाच एक नेमका प्रश्न विचारावा. बायोडेटा एका पानाचा, आणि प्रोजेक्टचा कोड गिटहबवर (कोड ठेवण्याच्या वेबसाइटवर) उघडून दाखवता येईल असा. मराठी मुलींचाच घोळका करून तीन दिवस काढले, असं फार वेळा होतं. निदान जेवणाला तरी रोज नव्या टेबलावर बसावं. परतल्यावर आठवड्याच्या आत ज्यांच्याशी खरं बोलणं झालं त्या पाच-सहा जणांना मेल करावी : कुठे भेटलो, काय बोललो, त्यानंतर मी काय करून पाहिलं. नोकरी किंवा इंटर्नशिपची विनंती पहिल्याच मेलमध्ये करू नये.

राहिला कर्जाचा प्रश्न. कर्ज काढू नका. बऱ्याच शिष्यवृत्त्या खर्च आधी करायला लावतात आणि बिलं पाहून नंतर परत देतात, खरी अडचण तिथे आहे. निवडीची मेल आली की मुलीने त्याच दिवशी उत्तर द्यावं : 'आमच्या घरी एवढी रक्कम आगाऊ भरणं शक्य नाही. तिकीट आणि खोली तुमच्याकडून थेट बुक होईल का, किंवा काही रक्कम आधी मिळेल का?' असं विचारण्यात काही गैर नाही, आयोजकांना हा प्रश्न नवा नसतो आणि पुष्कळदा सोय होते. उरलेल्या खर्चासाठी कॉलेजच्या विद्यार्थी निधीचा अर्ज प्राचार्यांकडे द्यावा, सोबत निवडीची मेल जोडावी. हॉटेलचं बिल तिच्याच नावावर आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावं, तिकिटांच्या पीडीएफ जपाव्यात, रिक्षाऐवजी पावती देणारी अॅपची गाडी घ्यावी. खातं तिच्या नावावर हवं आणि ते चालू स्थितीत आहे याची खात्री करा. शाळेत असताना उघडलेलं, केवायसी न केलेलं खातं असेल तर याच आठवड्यात बँकेत जाऊन या.