ज्येष्ठ नसलेला मुख्य

प्रश्न : बायबलमधील ‘पहिले इतिहास’ या ग्रंथाच्या २६व्या अध्यायात होसा नावाच्या मंदिराच्या द्वारपालाने, आपला मुलगा शिम्री हा ज्येष्ठ पुत्र नसतानाही, त्याला मुख्य नेमल्याचे वाचले. थोरल्याचा हक्क बापाने डावलू नये असा नियम बायबलमधीलच ‘अनुवाद’ या ग्रंथात असताना हे कसे चालले?

उत्तर : आपण म्हणता तो नियम ‘अनुवाद’ २१:१५-१७ मध्ये आहे. दोन बायकांच्या नवऱ्याने आवडतीच्या मुलावरील मायेपोटी नावडतीच्या थोरल्या मुलाचा दुप्पट वाटा हिरावून घेऊ नये, असे तो बजावतो. मात्र हा नियम मालमत्तेच्या वाटणीचा आहे. होसा वाटणी करत नव्हता, तर मंदिराच्या दारावरील सेवेसाठी आपल्या घराण्याचा प्रमुख नेमत होता. लेवी वंशाच्या मरारी कुळातील या घराण्यात मुलगे व भाऊबंद मिळून १३ जण होते आणि चढणीच्या रस्त्यावरील पश्चिमेची बाजू त्यांच्याकडे होती. अशुद्ध व्यक्तीला आत येऊ न देणे हे द्वारपालांचे काम असल्याने तिथे दक्षता हवी होती, आणि ती जन्मक्रमाने येत नाही.

त्याच अध्यायात मशेलेम्याचा जखऱ्या आणि ओबेद-अदोमाचा शमाया यांचा उल्लेख ज्येष्ठ पुत्र म्हणूनच येतो, आणि कोणते दार कोणाकडे हे लहान-थोर न पाहता चिठ्ठ्या टाकून ठरते. शिम्रीबद्दल मात्र ग्रंथकाराला खुलासा करावासा वाटला. वाचक तिथे थोरल्याचीच अपेक्षा करणार, हे त्याला ठाऊक असावे, असे मला वाटते. जुन्या लॅटिन भाषांतरात मात्र याच वाक्याचा अर्थ ‘होसाला ज्येष्ठ पुत्रच नव्हता’ असा लावला आहे. संदर्भ पाहता पहिला अर्थ मला अधिक पटतो.

मुळात लेवींची, म्हणजे या वंशातील पुरुषांची, सेवाच देवाच्या मानल्या गेलेल्या ज्येष्ठ पुत्रांच्या बदल्यात उभी राहिली होती. ‘गणना’ ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायानुसार इस्राएलात ज्येष्ठ पुत्र २२,२७३ आणि लेवी २२,००० भरले, तेव्हा उरलेल्या २७३ जणांसाठी प्रत्येकी ५ शेकेल (चांदीचे वजन), म्हणजे एकूण १,३६५ शेकेल, याजक (पुरोहित) अहरोन व त्याच्या मुलांना देण्यात आले. स्वतः लेवी, या वंशाचा मूळपुरुष, हाही याकोबाचा थोरला नव्हे, तर तिसरा मुलगा. मिसरच्या राजापुढे, म्हणजे फारोपुढे, उभे राहताना अहरोन ८३ वर्षांचा होता आणि ज्याच्या शब्दावर तो चालत होता तो त्याचा धाकटा भाऊ मोशे ८० वर्षांचा.

तरीही या निवडीला मर्यादा होती. याजकपद अहरोनाच्या वंशातच राहिले, आणि होसानेही प्रमुख निवडला तो आपल्या मुलांमधूनच.