गुडघ्याला लेझर घ्यावं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

लेझर ॲक्युपंक्चरबद्दल, म्हणजे सुईऐवजी कमी शक्तीचा लेझर बिंदूंवर टेकवण्याच्या उपचाराबद्दल, बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातून बरीच पत्रं आली. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत. फिजिओथेरपी आणि ॲक्युपंक्चर या दोन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

वय २०, येळ्ळूर. लष्कर भरतीसाठी रोज पळतो आणि आठवड्यातून दोनदा राजहंसगड चढतो. दीड महिना झाला, गड उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना वाटीच्या मागे दुखतंय. सूज नाही, एक्स-रे नॉर्मल आहे. लेझर ॲक्युपंक्चरची दहा सिटिंग घ्या, असं एका सेंटरमध्ये सांगितलंय. घेऊ का? भरतीला तीन महिने आहेत.

दहा सिटिंगचे पैसे आत्ताच भरू नका. तुम्ही सांगता त्या खुणा वाटीच्या सांध्यावर पडणाऱ्या ताणाच्या आहेत. डॉक्टर याला पॅटेलोफिमोरल पेन म्हणतात. वाकलेल्या गुडघ्यावर अंगाचं वजन आलं की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. उतरताना हा दाब प्रत्येक पावलाला येतो, म्हणून चढण सोसते आणि उतरण दुखते. यात हाड मोडलेलं नसतं, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल येणं साहजिक आहे.

या दुखण्यासाठी लेझर वापरू नये, असं अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. सुईचं ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही, पण ते खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्यापुरत्या, उपचारापेक्षा सरस ठरलेलं नाही, असंही त्यात नमूद आहे. लेझर ॲक्युपंक्चरची एक मोठी चाचणी ऑस्ट्रेलियात झाली आणि २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत जुनी गुडघेदुखी असलेले पन्नाशीचे आणि त्यापुढचे २८२ जण होते. खरं लेझर कुणाला आणि खोटं कुणाला, हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि उपचार करणाऱ्यालाही नव्हतं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. काहीच उपचार न घेतलेल्यांपेक्षा लेझरवाल्यांना थोडा आराम होता, पण वर्षभराने तोही उरला नाही. त्या चाचणीतला डोस कमी होता, ही टीका आम्हाला रास्त वाटते. तरीही खात्रीने बरं करण्याचं आश्वासन त्यातून कुणाला देता येत नाही.

तुमचा गुडघा बरा होईल तो मांडी आणि कुल्ल्याची ताकद वाढवून. दोन-तीन आठवडे गड बंद ठेवा आणि सपाटीवर पळा. पळताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं. आलं नाही तर पुढच्या वेळी अंतर कमी करा. मिनिटभरात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा आणि दुप्पट करा. समजा १६० आले, तर त्याच वेगात पावलं आखूड टाकून आकडा १६८ ते १७६वर न्या. गुडघ्यावरचा दाब कमी होतो.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, हे चार व्यायाम करा. प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये १० ते १२ वेळा. पहिला, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वर उचलणं. पाय किंचित मागेच राहिला पाहिजे. तो पुढे सरकला की कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूचं काम पुढचा स्नायू करू लागतो आणि व्यायाम वाया जातो. बहुतेकांचं इथेच चुकतं. दुसरा, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. तिसरा, भिंतीला पाठ टेकवून अर्धवट खाली बसणं, पण गुडघा ४५ अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही. चौथा, जेवायला बसायच्या पाटाएवढ्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच जमिनीला हलकेच टेकवून वर येणं. समोर आरसा ठेवा. गुडघा आत झुकत असेल तर पायरीची उंची कमी करा. सोपं वाटू लागलं की वजन वाढवा. सहा आठवड्यांत फरक दिसायला हवा. दुखणं थांबलं म्हणून तिथेच सोडून देऊ नका, व्यायाम बारा आठवडे पूर्ण करा. भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे असतील तर ही ताकद तिथेही कामी येते.

मी बेळगावात फिजिओथेरपी शिकते. लेझर ॲक्युपंक्चरमध्ये नेमकं काय करतात, आणि दोन सेंटरच्या निकालात एवढा फरक का पडतो?

सुईऐवजी कमी शक्तीचा लेझर बिंदूवर टेकवतात. गुडघ्यासाठी नेहमी घेतले जाणारे बिंदू असे: वाटीच्या खाली दोन्ही बाजूंचे खळगे, बाहेरच्या खळग्यापासून रुग्णाच्याच हाताची चार बोटं खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर, तो एसटी ३६ (ही ॲक्युपंक्चरमधली बिंदूंची नावं), गुडघ्याखाली आतल्या बाजूच्या खळग्यातला एसपी ९, आणि वाटीच्या आतल्या वरच्या कडेपासून दोन अंगठे वर, तो एसपी १०.

फरक पडतो मुख्यतः डोसमुळे. मिलीवॅटला सेकंदांनी गुणून हजाराने भागलं की जूल मिळतात. १०० मिलीवॅटचा प्रोब (त्वचेवर टेकवायचं यंत्राचं टोक) ४० सेकंद धरला तर ४ जूल होतात. तेवढेच जूल ५ मिलीवॅटच्या पेनने द्यायचे तर एका बिंदूवर १३ मिनिटं २० सेकंद धरून बसावं लागेल. प्रत्यक्षात कुणी धरत नाही, दहा सेकंदांत पुढच्या बिंदूवर जातात, म्हणजे मिळतात फक्त ०.०५ जूल. ९०४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या स्पंदित, म्हणजे तुटक-तुटक प्रकाश सोडणाऱ्या, यंत्रावर २५ वॅट लिहिलेलं पाहून फसू नका. ती शिखरशक्ती, म्हणजे फक्त स्पंदाच्या क्षणापुरती शक्ती, आहे. स्पंद २०० नॅनोसेकंदांचा आणि सेकंदाला ५,००० स्पंद असतील, तर सरासरी भरते फक्त २५ मिलीवॅट. हिशेब नेहमी सरासरीवर करायचा.

बाकीच्या चुका हाताच्या आहेत. प्रोब तिरका धरला किंवा त्वचेपासून उचलून धरला की प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. बाम किंवा तेल पुसलेलं नसतं. बॅटरी उतरलेली असते आणि शक्ती मीटरवर तपासलेलीच नसते. गोंदणावर प्रोब टेकवू नका, गडद शाई उष्णता शोषते आणि चटका बसू शकतो. चष्म्याच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. ५ ते ५०० मिलीवॅटचे लेझर ३बी या धोक्याच्या वर्गात मोडतात. ८१० किंवा ९०४ नॅनोमीटरचा किरण जवळपास दिसत नाही, त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. त्याच तरंगलांबीचा किरण अडवणारा चष्मा रुग्णालाही हवा आणि तुम्हालाही.

रुग्णांसाठी एक सूचना: कर्नाटकात खासगी दवाखान्याला केपीएमई (खासगी वैद्यकीय आस्थापना) कायद्याखाली नोंदणी लागते. तो क्रमांक विचारा. यंत्राची तरंगलांबी, मिलीवॅट आणि प्रत्येक बिंदूचे जूल जिथे सांगता येत नाहीत, तिथे उपचार घेऊ नका.

वय २७, निपाणी. दिवसभर मांडी घालून विड्या वळते. दोन्ही गुडघे दुखतात. ऑनलाइन लाल लेझरचं पेन मिळतंय, घरीच वापरू का?

नको, ताई. बहुतेक पेनं ५ मिलीवॅटच्या आसपासची असतात. वर हिशेब दिलाच आहे, त्यातून पदरात काही पडणार नाही. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या डोळ्यांना उगाच धोका. तुमचे गुडघे तासन्‌तास पूर्ण वाकलेले राहतात, मूळ तिथे आहे. भिंतीला टेकून उंच पाटावर किंवा स्टुलावर बसा आणि सूप मांडीवर घ्या. दर अर्ध्या तासाने उठून पाय सरळ करा, पाच-सहा पावलं चाला. पहिल्या उत्तरातले पहिले तीन व्यायाम तुम्हालाही लागू आहेत, मात्र ८ वेळांपासून सुरू करा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडलेले राहत असतील किंवा बोटंही सुजत असतील, तर व्यायामावर भागवू नका. सिव्हिलमध्ये दाखवून संधिवाताची रक्ततपासणी करून घ्या.

मुलगा १४ वर्षांचा, खानापूर. खो-खो खेळतो. गुडघ्याखाली पुढे हाडाचा उंचवटा आलाय, दाबलं की दुखतं. लेझरने जाईल का?

उंचवटा लेझरने जात नाही. वाढीच्या वयात मांडीच्या स्नायूची दोरी नडगीच्या हाडाला जिथे चिकटते, तिथे ओढ बसून असं होतं. उड्या आणि झटकन बसणं-उठणं काही आठवडे कमी करा, खेळल्यावर दहा मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. वाढ पूर्ण झाली की दुखणं बहुधा थांबतं, उंचवटा थोडा राहू शकतो.

पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वाढत जाणारी गाठ, ताप, वजन उतरणं, यातलं एकही असेल तर वाट बघू नका. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा, कारण या वयात हाडाचा कर्करोग गुडघ्याजवळच जास्त आढळतो. मुलगा लंगडत असेल आणि गुडघा तपासताना काहीच सापडत नसेल, तर डॉक्टरांना खुबाही तपासायला सांगा. खुब्याचं दुखणं मुलांना अनेकदा गुडघ्यात जाणवतं.