करार ठीक, पण पत्ती काळी हवी

प्रश्न : श्रीलंकेसारख्या चिमुकल्या देशानं अरब देशांशी व्यापार घट्ट करायचा म्हणजे नेमकं करायचं काय? मंत्र्यांचे दौरे, सामंजस्य करार आणि हस्तांदोलनाचे फोटो यापलीकडे काही उमगत नाही. – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : फोटोंवर फार जाऊ नका. मी चहा चाखून पोट भरलं, त्यातली बरीच वर्षं दुबईजवळच्या जबेल अलीत. तेव्हा चहापुरतं सांगते. आखातातल्या सहा देशांनी २००३ मध्ये सामाईक जकात ठरवली, ती बहुतेक मालावर मुळात ५ टक्केच. करार करून त्यातलं कमी ते किती होणार?

खरी मेख गिऱ्हाइकाच्या पेल्यात आहे. इराकी माणूस चहा इस्तिकानमधून पितो. कमरेत बारीक असलेला छोटा काचेचा पेला, तळाशी साखर, वर लालभडक कोरा चहा. दुधाचं नाव नाही. त्याला पत्ती लांब, पीळदार, काळीभोर लागते. लाल काडी दिसली की खरेदीदार नमुन्याची ताटली बाजूला सारतो, चव घ्यायच्याही आधी. हा माल नुवारा एलियाच्या थंड डोंगरावर होत नाही. तो होतो सखल भागात, ६०० मीटरच्या खाली, रत्नपुरा, गाले, मातराकडे. आणि तो पिकवणारे बहुतेक छोटे शेतकरी. कोलंबोचा चहा-लिलाव १८८३ पासून चालतो, तिथे ही सखल भागातली पत्ती कित्येकदा डोंगरी चहाला भावात मागे टाकते. श्रीलंकेनं ही आवड ओळखून कारखाने त्या पत्तीसाठी चालवले. मला विचाराल तर तोच त्यांचा सगळ्यात मोठा व्यापार करार.

अडचण अशी की गिऱ्हाईक एकाच बाजूला गोळा झालंय. १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झालं, इराकवर निर्बंध आले. २००३ मध्ये पुन्हा युद्ध. तिकडे तोफा सुरू झाल्या की इकडे मातरात भावाला धाकधूक. त्यात पैसे येणार कसे, हा वेगळाच घोर. इराण अरब नव्हे, पण उदाहरण बोलकं आहे : तेलाचं सुमारे २५ कोटी डॉलरचं देणं श्रीलंकेनं चहानं फेडायचं, असं २०२१ च्या डिसेंबरात ठरलं. इराणवरच्या निर्बंधांमुळे बँकांची वाट बंद, म्हणून चक्क वस्तुविनिमय!

आणि दुबई? तिथे चहाचं झुडूपही उगवत नाही. तरी जबेल अलीत २००५ पासून चहाचं केंद्र आहे. केनियाचा, श्रीलंकेचा, आपल्याकडचा चहा गोण्यांतून येतो, मिसळला जातो, अरबी लेबल लावून पुढे रवाना होतो. मलिदा तिथेच राहतो. (माझा पगारही त्यातूनच निघायचा, त्यामुळे फार बोलत नाही.) श्रीलंकेच्या चहा मंडळाचं सिंहाचं चिन्ह मिळतं ते निखळ सिलोन चहा देशातच पाकीटबंद केला तरच. मी तिथली मंत्री असते तर दौऱ्यांचा खर्च कापून तो या पाकिटांवर लावला असता : अरबी मजकूर, प्रयोगशाळेचे दाखले, बगदाद आणि जेद्दाच्या दुकानांत फळीवर जागा, आणि निर्यातदाराला बुडीत रकमेचा विमा.

प्रश्न : यात आपल्या आसामच्या चहाला काही वाव? – तेच वाचक

उत्तर : आहे, आणि तो श्रीलंकेनंच करून दिला. २०२१ मध्ये त्यांनी रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. काही महिन्यांत उठवली, पण २०२२ चं चहाचं उत्पादन सुमारे ३० कोटी किलोवरून २५ कोटींवर आलं. इराकी खरेदीदार थांबून कशाला राहतील? ते आसामच्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे लांब पीळदार पत्तीकडे वळले. आपण घरी आलं ठेचून उकळतो ती दाणेदार सीटीसी मात्र त्यांना नको असते. आसामातल्या मळेवाल्यांनी यंत्रं बदलली तर हे गिऱ्हाईक टिकेल. काहींनी बदललीही आहेत.