मूल शाळेच्या दारात रडायला लागलं तर थांबावं की गुपचूप निघून यावं?

गुपचूप निघून येऊ नका. बाकी काहीही करा.

मी हे पाप केलंय, म्हणून सांगते. २०१८ चा जून, आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, दोन खोल्यांत चार इयत्ता, पहिलीत मोजून पाच मुलं. मुलगी साडेपाच वर्षांची. आदल्या रात्री नणंदेचा मडगावहून फोन: "तिचं लक्ष नसताना सटक. दोन दिवस रडेल, मग विसरेल." तिची दोन मुलं तशीच रुळली म्हणे. मीही शहाणी, ऐकलं. मुलगी पाटीवर काहीतरी गिरवत होती तेवढ्यात मी मागच्या व्हरांड्यातून निसटले.

पुढचं बाईंनी सांगितलं. पाच मिनिटांनी तिने मान वर केली. "म्हजी आवय खंय गेली?" (माझी आई कुठे गेली?) बाई म्हणाल्या, "आत्तां येतली." ही दुसरी थाप. त्यानंतर ती जी खिडकीशी उभी राहिली ती घंटा होईपर्यंत. मधल्या सुट्टीतल्या पाव-भाजीला हात लावला नाही. मी न्यायला गेले तेव्हा रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. तिने भोकाड पसरलं असतं तर बरं झालं असतं.

मग घरी सुरू झालं. मी न्हाणीघरात गेले की दाराबाहेर ठाण. विहिरीवर गेले तर मागे. झोपेतसुद्धा माझ्या गाऊनचं टोक मुठीत. शाळेच्या पायरीवर रोज तमाशा, कारण आता तिला पक्कं ठाऊक होतं की पाटीकडे बघितलं की आई नाहीशी होते. वर नणंदेचं निदान तयार: "मराठी शाळेत घातलंस ना, म्हणून." ते दुखणं वेगळंच आहे. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं आणि माझ्या डोळ्यांदेखत आमच्या शाळेचा पट उतरत गेला. पण मुलीच्या रडण्याचा माध्यमाशी काय संबंध? कोंकणीत विचारलेल्याला कोंकणीत उत्तर देणाऱ्या बाई नणंदेच्या मुलांच्या मडगावच्या इंग्रजी शाळेत मिळाल्या असत्या का?

शेवटी तोडगा मुलीनेच काढला. एके दिवशी धो धो पाऊस. तिने माझी छत्री ओढून घेतली आणि आपल्या दप्तराला टेकवून ठेवली. म्हणजे छत्री न्यायला तरी मी परत येणारच! मी सरळ सांगितलं, "जाते. घंटा झाली की पायरीवर असेन." आणि भिजत घरी आले. रडली, पण खिडकीशी गेली नाही. पुढे दहा-बारा दिवस छत्री शाळेत गहाण आणि मी ओलीचिंब. शेजारीण विचारायची, घरात एकच छत्री आहे काय गो? मी मात्र घंटेआधी दहा मिनिटं पायरीवर हजर. तो शब्द एकदाही मोडला नाही.

किती दिवस लागतात असंही तुम्ही विचारलंय. मुलीला तीन आठवडे लागले, आणि त्यातले निदान दोन माझ्या पळपुटेपणाचे. धाकट्याला २०२५ मध्ये एक दिवस. त्या वर्षी सहावी ते दहावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले होते, त्यामुळे आठवीतल्या ताईला भर उन्हात दप्तर घेऊन जाताना तो रोज बघत होता. जूनपर्यंत त्यालाच घाई झालेली. आता खरं सांगायचं तर तो पहिलीला गेला तेव्हा सहा पूर्ण होता, अंगणवाडीत बसायची सवय होती आणि स्वभावाने बेफिकीर. सगळं श्रेय माझं नाही. तुमचं मूल तीन वर्षांचं असेल तर गणित वेगळं. आणि महिना उलटूनही खाणंपिणं सुटलेलं असेल, तर माझ्यासारखीला विचारू नका, डॉक्टरला दाखवा.

दारात तासभर घुटमळूही नका. सांगायचं, पाठ फिरवायची, निघायचं.

नणंद अजून म्हणते, "विसरली ना शेवटी?" गेल्या चतुर्थीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना तिने हेच पुन्हा काढलं. मुलगी खालून कांगणांची रानफळं वर देत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, त्या खिडकीला तीन गज होते."