जीपचं इंजिन राहू दे, आधी ती ‘एफडी’ बघा

बेळगावच्या उद्यमबागेत स्वतःचं मशीन शॉप चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 41, बायको शाळेत शिकवते, दोन मुलं, घर गहाण ठेवून व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन घेतलंय त्याचे 22 लाख अजून फेडायचेत. वडिलांची 1971 ची महिंद्रा सीजे-3बी जीप आहे, पेट्रोल. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबला की दुखतं, म्हणून जीपला स्कॉर्पियोचं डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचाय. गॅरेजवाल्याने साडेसहा लाख सांगितलेत. साडेचार ‘एफडी मोडून’, दोन बायकोच्या दागिन्यांवर. प्रश्न एवढाच की एफडी मोडू का सगळंच गोल्ड लोन काढू.

दादा, जीपचं आधी पटकन सांगतो. वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरते म्हणता. पेट्रोलवर 7 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर 430 लिटर, शंभराच्या भावाने 43 हजार. डिझेलवर 13 मिळालं तर 230 लिटर, नव्वदने 21 हजार. वाचले 22 हजार, म्हणजे साडेसहा लाख वसूल व्हायला तीस वर्षं. आणि साडेसहात भागणार पण नाही. या जीपचा व्हीलबेस फक्त 80 इंच, तीन गिअरचा छोटा बॉक्स काढून तिथं लांब ऑटोमॅटिक घातला की मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो, अँगल तिरका होतो आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टचे सांधे, सारखे जातात. मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, रेडिएटर, वाढलेल्या ताकदीला ब्रेक. इंजिन बसवायची अडॅप्टर प्लेट तुमच्याच शॉपवर होईल हे मान्य, बाकीचं बिल वाढत जाणार.

त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचा बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये सांगितलंय, त्यामुळे आरटीओत हे पास होईल असं धरून चालू नका. चोर्ला घाटात काही झालं तर इन्शुरन्सवाल्याला क्लेम नाकारायला आयतं कारण. तुम्ही जुन्या आरसी बुकाचा फोटो पाठवलाय, त्यावर अजून म्हैसूर राज्य (कर्नाटकाचं जुनं नाव) आहे, बघून छान वाटलं. 50 वर्षांवरची, मूळ इंजिन-बॉडीची गाडी 2021 च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, रोज वापरता येत नाही पण जपता येते. इंजिन बदललं की तेही गेलं.

आता मूळ गोष्ट. तुम्ही लिहिलंय, ‘बँकेतल्या एफडीत दरवर्षी दीड लाख भरतो, तीन वर्षं झाली, मॅनेजर म्हणाले डबल होतात, आता साडेपाच तरी झाले असतील.’ दरवर्षी भरायची एफडी असते का ओ? सोबत पाठवलेला कागद मी तीनदा वाचला. ती विमा पॉलिसी आहे. हप्ते 10 वर्षं, मुदत 20 वर्षं, विमा 15 लाख, शेवटी मिळणार 30 लाख. डबल होतात हे खरं, पण विसाव्या वर्षी! तुमचा पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के पडले. तेच दीड-दीड लाख 10 वर्षं पीपीएफमध्ये टाकून विसाव्या वर्षापर्यंत ठेवले असते तर आजच्या 7.1 टक्क्याने 44 लाख होतात. चौदा लाखांचा फरक आहे हा, आणि कष्टाच्या पैशाला असं करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आज मोडली तर साडेपाच सोडा, भरलेले साडेचार पण येणार नाहीत. तिसऱ्या वर्षात हमीची सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर नक्की मिळणारे पैसे, साधारण 35 टक्के, म्हणजे दीड लाखाच्या आसपास, चौथ्या वर्षात 50 टक्के, सव्वादोन. स्पेशल सरेंडर व्हॅल्यू याहून जास्त असू शकते, ती लेखी मागा. त्याचबरोबर पेड-अपचा आकडा पण मागा, म्हणजे पुढचे हप्ते बंद, भरलेल्या तीन हप्त्यांच्या प्रमाणात शेवटी मिळेल, अंदाजे 9 लाख. चौथ्या वर्षात सव्वादोन घेऊन 17 वर्षांत 9 करायला साडेआठ टक्के लागतात, त्यामुळे घाईने सरेंडर करू नका, पेड-अप बरं पडेल असं मला वाटतं. उरलेले सात हप्ते, साडेदहा लाख, ते मात्र भरायचे नाहीत.

तक्रारही करा. फॉर्म इंग्लिशमध्ये, मॅनेजर कन्नडात बोलला, सही तुमची मराठीत, आपल्या भागात हे रोज चालतं. मराठी सहीसोबत ‘ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगितलं’ असं डिक्लरेशन असतं, त्यावर कुणाची सही आहे बघा, फॉर्मची कॉपी कंपनीकडून मागून घ्या. आधी बँकेला आणि विमा कंपनीला लेखी, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर बेंगळूरुच्या विमा लोकपालाकडे, फी लागत नाही.

आणि 22 लाखांच्या कर्जावर 15 लाखांचा विमा, घर गहाण. तुम्हाला काही झालं तर वहिनींनी काय विकायचं? वाचलेल्या दीड लाखातून आधी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या, तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस-पंचवीस हजार. मग घराचा मेडिक्लेम, गुडघ्याचं ऑपरेशन फॉर्मवर लपवू नका. उरलेलं सहा महिन्यांच्या कर्जाच्या हप्त्यांइतकं साठेपर्यंत बाजूला. दागिन्यांना हात लावू नका.

गुडघ्यासाठी क्लचचं लिंकेज आणि रिलीज बेअरिंग एकदा नीट बघून घ्या, पन्नास वर्षांत ते आवळून बसलेलं असतं, थोड्या पैशात पेडल हलकं होईल. जुन्या इंजिनाचं काम पुढच्या वर्षी धंद्यातल्या शिलकेतून करा.

पॉलिसीचा पुढचा हप्ता 12 तारखेला आपोआप कटतो म्हणालात, त्याच्या आधी शाखेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.