सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, पण पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. तरी दवाखान्यात न्यायला हवं का?

हो, आणि आत्ताच. सकाळची वाट पाहू नका. चोवीस तास सीटी स्कॅन होतो अशाच रुग्णालयात न्या आणि रुग्णवाहिकेला फोन करताना 'पक्षाघाताचा संशय आहे' असं स्पष्ट सांगा.

मी तातडीच्या विभागात परिचारिका आहे. 'आता बरं वाटतंय' म्हणून घरीच थांबलेल्या माणसांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि थोड्या वेळाने सुटते, तेव्हा असं होतं. डॉक्टर याला टीआयए म्हणतात. लक्षणं गेली तरी गुठळी जिथून आली ते कारण शिल्लकच असतं. पक्षाघाताचा मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

पुन्हा शंका आली तर त्यांना हसायला सांगा, ओठाचा एक कोपरा खाली ओघळतो का पाहा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक हात आपोआप खाली येतो का पाहा. एखादं साधं वाक्य म्हणवून घ्या. कधी बोलणं अडखळत नाही, पण शब्दांना अर्थ नसतो; घरच्यांना वाटतं, बरळतायत. अचानक तोल जाणं, एका बाजूचं दिसेनासं होणं, हीसुद्धा लक्षणंच. यातलं एकच दिसलं तरी निघायचं.

निघताना घड्याळ पाहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. हा वेळ मोजतात तो माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. म्हणजे झोपेतून उठताना हात लुळा पडलेला असेल, तर रात्री शेवटचं नीट कधी बोलले ते आठवा. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून काढता येते, तीही काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. पण त्या भरवशावर थांबू नका, दर मिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात.

पाणीसुद्धा पाजू नका, गिळणं बिघडलं असेल तर ते श्वासनलिकेत जातं. ॲस्पिरिन तर मुळीच नको. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो. बीपी वाढलेलं दिसलं तरी आपल्या मनाने जादा गोळी देऊ नका. ते एकदम उतरलं तर मेंदूला मिळणारं रक्त आणखी कमी होतं. मधुमेह असेल आणि घरी यंत्र असेल, तर गाडी येईपर्यंत साखर तपासून आकडा लिहून ठेवा. साखर फार उतरली तरी हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात. शुद्ध हरपत असेल किंवा उलटी होत असेल, तर कुशीवर वळवा.

त्यांच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली हे आत शिरताच सांगा, इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावरही ठरतं.