तिळावरची शिंगवाली अळी: फवारणीआधी झाडाखाली पाहा

प्रश्न (नान्नज परिसर, उत्तर सोलापूर): तिळावर बोटाएवढी जाड, शेपटीवर शिंग असलेली हिरवी अळी आहे. काही झाडांचे नुसते खराटे झालेत. ती विषारी आहे का? कोणते औषध मारावे?

उत्तर: विषारी अजिबात नाही. शिंग टोचत नाही, बिनधास्त हाताने उचला. ही आकेरॉन्टिया स्टिक्स या मोठ्या पतंगाची अळी. कुशीवर तिरपे पिवळे पट्टे असतात. काही अळ्या पिवळ्या वा तपकिरीही निघतात. ती वेगळी कीड नव्हे. वांगे, वाल आणि मोगऱ्यावरही ही येते.

पतंग अंडी सुटी सुटी घालतो, त्यामुळे सगळे शेत सहसा एकदम लागत नाही. अशा विखुरलेल्या किडीसाठी पूर्ण रानावर औषध मारणे म्हणजे पैसा मातीत घालणे. वेचणी हाच खरा उपाय. अळी पानाखाली देठाला चिकटून असते, हिरव्यात हिरवी, सहज दिसत नाही. म्हणून आधी जमीन पाहा. मिऱ्याएवढ्या काळ्या, ताज्या लेंड्या पडल्या असतील तर त्याच झाडावर वर शोधा. वेचलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाका. अंगावर बारीक पांढरे कोष चिकटलेली अळी मात्र राहू द्या. त्यातून मित्रकीटक बाहेर पडतात.

लहान अळ्या बऱ्याच झाडांवर दिसल्या तरच ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवून मिसळा, एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात अर्काचा गुण जातो. मोठ्या अळीवर अर्क चालत नाही. रंग तपकिरी पडून ती खाली उतरू लागली की खाणे संपलेले असते, तेव्हा फवारणी वायाच. तीळ फुलात असताना रासायनिक कीटकनाशक मारू नका, मधमाश्या मरतील.

रात्री दिव्यावर येणारा, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, धरल्यास चीं चीं करणारा पतंग तो हाच. अपशकुनाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो मधाच्या पोळ्यात शिरून मध पितो, म्हणून मधपेटीचे दार ८ मिलिमीटर उंचीचेच ठेवा: माशी जाते, पतंग अडतो.

कोष मातीत असतात. काढणीनंतर वाफसा येताच खोल नांगरट करा. वर आलेले कोष बगळे, साळुंक्या टिपतात.